मांजरांचे ओरबाडणे

मांजरांचे ओरबाडणे म्हणजे नख्या खडबडीत पृष्ठभागात रुतवून त्या खाली ओढण्याची मांजरांची स्वाभाविक क्रिया होय. घरात पाळलेल्या मांजरांच्या या सवयीमुळे सोफा, गाद्या, पडदे आणि लाकडी सामान यांचे नुकसान होते. ही क्रिया पूर्णपणे थांबवता येत नाही. मात्र ती योग्य जागेकडे वळवता येते.

कारणे

मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार अशा साधारणपणे १८ नख्या असतात. नखी थरांनी बनलेली असते. ओरबाडल्याने तिचे जुने, बाहेरचे आवरण गळून पडते व आतील टोकदार भाग उघडा होतो. मांजराच्या पंजांमध्ये गंधग्रंथी असतात. त्यामुळे ओरखड्यांच्या दृश्य खुणेबरोबरच गंधाची खूणही मागे राहते आणि त्या जागेवरील मांजराचा वावर इतर मांजरांना कळतो. झोपेतून उठल्यावर अंग ताणण्यासाठीही मांजरे ओरबाडतात.

उपाय

मांजरासाठी ओरबाडण्याचा स्वतंत्र खांब ठेवणे हा मुख्य उपाय आहे. मागच्या पायांवर उभे राहून मांजराला पूर्ण अंग ताणता येईल इतका तो उंच असावा आणि ओढल्यावर हलू नये. डळमळणारा खांब मांजर टाळते. त्यावर घायपाताची किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळतात. काही मांजरांना आडवा पृष्ठभाग आवडतो. त्यांच्यासाठी काथ्याचे पायपुसणे किंवा जाड पुठ्ठा उपयोगी पडतो. खांब कोपऱ्यात न ठेवता मांजराच्या झोपण्याच्या जागेजवळ किंवा ओरबाडलेल्या सामानाशेजारी ठेवतात. खांब वापरल्यावर लगेच खाऊ दिल्यास सवय लवकर लागते. त्याच काळात सामानावर दुहेरी चिकटपट्टी किंवा गुळगुळीत आच्छादन लावतात.

नख्यांची टोके दोन-तीन आठवड्यांनी कापल्यास नुकसान कमी होते. नखीच्या मुळाकडील गुलाबी भागात रक्तवाहिनी व चेता असल्याने तो भाग कापू नये. मारणे, ओरडणे किंवा पाणी उडवणे यांमुळे मांजर माणसाला घाबरू लागते; ओरबाडण्याची गरज मात्र कायम राहते.

नख्या काढण्याची शस्त्रक्रिया

या शस्त्रक्रियेत केवळ नखी नव्हे, तर बोटाचे शेवटचे हाडही कापले जाते; माणसाच्या बोटाचे शेवटचे पेर कापण्यासारखाच हा प्रकार आहे. त्यानंतर दीर्घकाळ वेदना, चालीतील बदल आणि चावण्याची प्रवृत्ती संभवते. १९८७ च्या पाळीव प्राण्यांच्या संरक्षणविषयक युरोपीय करारात वैद्यकीय कारणांशिवाय अशा शस्त्रक्रियेस मनाई आहे. इस्रायलने २०११ मध्ये तिच्यावर बंदी घातली. २०१९ मध्ये अशी बंदी घालणारे न्यूयॉर्क हे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले.