सोडलेल्या माशाचा हिशेब

एडिसनमधल्या मराठी घरांपासून गाडीने अर्ध्या तासावर रॅरिटन नदी समुद्राला मिळते. तिथल्या उथळ उपसागरात मार्च सरता सरता पाण्याची थंडी मोडली की स्ट्राइप्ड बास शिरतो, आणि त्याच्यामागे बोटी. रुपेरी अंग, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत ओढलेल्या सात-आठ काळ्या रेघा, भलेमोठे तोंड. न्यू जर्सीत सगळे त्याला नुसते ‘स्ट्राइपर’ म्हणतात. त्याच्यामागे जाणाऱ्या यातल्या बऱ्याच बोटी भाड्याच्या असतात. अशा बोटीच्या तांडेलाला सहसा जास्तीत जास्त सहा गिऱ्हाइके नेण्याचा परवाना असतो. दिवसाचे पैसे भरायचे, की गळ, काठी, आमिष आणि मासा कुठे आहे याची अक्कल बोटीवर मिळते. आपल्या कोळीवाड्यातला माणूस इथे जरा बुचकळ्यात पडेल, कारण दिवसभरात लागलेल्या माशांपैकी बहुतेक परत पाण्यात जातात. सर्वसाधारण नियमाप्रमाणे एका माणसाने दिवसाला एकच मासा घरी न्यायचा; तो २८ इंचांहून लहान नको आणि ३१ इंच किंवा त्याहून मोठाही नको. शिवाय न्यू जर्सीत हा मासा विकायलाच बंदी आहे. म्हणजे इथला तांडेल मासा विकत नाही, मासा गळाला लागण्याचा आनंद विकतो. यात गैर काही नाही. पण या धंद्यात एक समजूत मुरून गेली आहे, की सोडलेला मासा म्हणजे खर्ची न पडलेला मासा. ही समजूत खोटी आहे आणि आज या माशाच्या मुळावर आलेली आहे.

आधी हा तीन इंचांचा झरोका का ठेवला ते पाहू. लहान मासा मारू नये हे आपल्याला नवे नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला आणि पापलेटासकट अनेक माशांचे किमान आकारही ठरवले. स्ट्राइपरला मात्र वरूनही कुंपण आहे. हा मासा समुद्रात वाढतो आणि वसंतात अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात चढतो, आपल्या जिताड्याच्या बरोबर उलट. जिताडा नदी-खाडीत वाढतो आणि प्रजननासाठी समुद्राच्या बाजूला उतरतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हडसन, डेलावेअर यांसारख्या काही नद्यांत स्ट्राइपर जन्मतो, पण सर्वांत मोठे माहेर म्हणजे मेरीलँड आणि व्हर्जिनिया यांच्यामधला चेसापीक उपसागर. हा मासा तीस वर्षेही जगू शकतो. सहा वर्षांची मादी साधारण पाच लाख अंडी घालते, पंधरा वर्षांची तीस लाखांहून अधिक. म्हणजे गाभोळीचे खरे कोठार म्हाताऱ्या मादीच्या पोटात. फोटोसाठी सगळ्यांना हवी असते तीच मादी, आणि ती गेली तर पाच-सहा तरुण माद्यांची गाभोळी तिच्याबरोबर जाते. वरचे कुंपण आहे ते यासाठी.

या माशाची काळजी वाहण्याची परंपरा अमेरिकेइतकीच जुनी आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे, उलट कमीच होईल. १६३९ मध्ये, संयुक्त संस्थाने जन्माला येण्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी, मॅसॅच्युसेट्स बेच्या वसाहतीने कॉड आणि बास शेतात खत म्हणून टाकायला मनाई केली. (खत म्हणून! यावरून त्या वेळी मासा किती होता ते समजावे.) तरीही १९७० च्या दशकात हा साठा कोसळला. १९७३ मध्ये धंदेवाईक मच्छीमारांनी सुमारे ६,८०० टन मासा उतरवला होता, १९८३ मध्ये जेमतेम १,६०० टन. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने खास या एका माशासाठी कायदा केला: किनाऱ्यावरच्या राज्यांनी मिळून ठरवलेली बंधने जे राज्य पाळणार नाही, तिथे केंद्र सरकार मासेमारी बंद पाडेल. मेरीलँडने १९८५ मध्ये स्वतःहून पूर्ण बंदी घातली, ती १९९० पर्यंत टिकली. १९९५ मध्ये साठा सावरल्याचे जाहीर झाले. पण सावरलेला मासा पूर्वीसारखा बाजारात गेला नाही. तो मुख्यतः हौशी लोकांच्या गळाला लागू लागला, आणि ‘पकडा आणि सोडा’ हा हौशी मासेमारीचा कुळाचारच होऊन बसला. चूक मला तिथे दिसते. मासा वाचवला होता बंदीने. श्रेय हळूहळू सोडण्याच्या सवयीकडे गेले.

आता आकडे पाहू. २०२२ मध्ये पूर्व किनाऱ्यावर माणसाच्या हातून सुमारे ६८ लाख स्ट्राइपर गेले, त्यातले नव्वद टक्के हौशी मासेमारीत. पण या हौशी वाट्यात दोन प्रकारचे मासे आहेत. एक, जे लोकांनी घरी नेले. दुसरे, जे सोडले आणि नंतर मेले. त्या वर्षी हौशी लोकांनी जवळजवळ तीन कोटी मासे सोडले होते. सोडलेल्या शंभरातले नऊ मरतात असे व्यवस्थापनाने धरले आहे, म्हणजे पाव कोटीहून जास्त मासे कोणाच्याही ताटात न जाता संपले. हे नऊ टक्के कुठून आले, हे पाहण्यासारखे आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या दोन संशोधकांनी खाऱ्या पाण्याच्या एका बंदिस्त जागेत गळाने पकडलेले बास ठेवून किती जगतात ते मोजले आणि १९९६ मध्ये निष्कर्ष छापला. सरासरी नऊ टक्के. पण त्याच अभ्यासात सर्वांत चांगल्या परिस्थितीचा अंदाज तीन टक्क्यांचा होता आणि सर्वांत वाईट परिस्थितीचा सव्वीस टक्क्यांचा. फरक कशाने पडतो? गळ कुठे रुतला, किती खोल गेला, एकेरी होता की तीन टोकांचा, आणि काठी धरणारा हात किती सरावाचा होता.

तीन आणि सव्वीस यांच्यामधल्या या अंतरातच भाड्याच्या बोटीचा सगळा प्रश्न बसतो. समजा, सहा गिऱ्हाइकांच्या बोटीला दिवसात चाळीस मासे लागले. कायद्याप्रमाणे सहा ठेवले, चौतीस सोडले. कसबी हात असेल तर त्यातला एखादा मरेल. सरासरीने तीन. हेळसांड झाली तर नऊ, म्हणजे घरी नेलेल्यांपेक्षा जास्त. आणि तांडेलाच्या वहीत तिन्ही दिवस एकाच ओळीत लिहिले जातील: सहा ठेवले, चौतीस सोडले. म्हणूनच गळाचा आकार इथे भूषणाची गोष्ट राहत नाही. आमिष लावायचे असेल तर या किनाऱ्यावर आता गोल गळ सक्तीचा आहे. त्याचे टोक बाहेर रोखलेले नसते, आत दांड्याकडे वळलेले असते. माशाने आमिष गिळून तोंड फिरवले की हा गळ घशातून मोकळा घसरत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. अट एकच: हिसका द्यायचा नाही. दोर ताणला जाईल एवढेच पाहायचे आणि थांबायचे. नवख्या माणसाला हे जड जाते, कारण काठी वाकली की हात आपोआप वर जातो. हिसका बसला की गळ वेळेआधी ओढला जातो आणि गोल आकाराचा फायदा हातचा जातो. पुढचे काम बोटीवरच्या खलाशाच्या हातात असते. हात ओले करून मासा आडवा धरायचा, एक हात जबड्याला, एक पोटाखाली. कोरड्या फळीवर आपटू द्यायचा नाही, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याबरोबर त्याचे रोगापासूनचे संरक्षणही. कल्ल्यात बोटे घालायची नाहीत. पक्कड आधीच हाताशी ठेवायची. वीस पौंडांचा मासा नुसत्या जबड्याला धरून उभा लटकवला तर फोटो झकास येतो, आणि माशाच्या आतल्या अवयवांवर सगळा भार येतो. कृत्रिम आमिषाला लटकणारे तीन टोकांचे गळ कायद्याच्या या सक्तीत येत नाहीत. तिथे एकेरी गळ लावायचा की नाही, हे तांडेलाच्या मर्जीवर आहे.

यावर कोकणातला वाचक एक खणखणीत आक्षेप घेईल: खायचा नसेल तर पकडायचा कशाला? मला हा आक्षेप अमेरिकी चर्चेतल्या पुष्कळ आक्षेपांपेक्षा वजनदार वाटतो. माशाच्या तोंडात लोखंड घालायचे, दमवायचे, मोजायचे आणि उपकार केल्यासारखे सोडायचे, यात काहीतरी विचित्र आहेच. पण त्याचे उत्तर ‘मग सगळे ठेवा’ हे असू शकत नाही, कारण तेवढा मासा उरलेला नाही. उत्तर आक्षेपाच्या पोटातच आहे: एक ठेवा, आणि मग गळ गुंडाळा. सहा जणांचे सहा मासे झाले की बोटीने दुसऱ्या माशाकडे वळावे. या पाण्यात ब्लूफिश आहे, वाळूत लपणारा चपटा फ्लूक आहे, पोर्गी आहे. गिऱ्हाइकाने दिवसाचे पैसे दिले आहेत, स्ट्राइपरच्या संख्येचे नाही. उन्हाळ्यात तर हे आणखी खरे, कारण कोमट पाण्यात दमलेला मासा सावरत नाही. मेरीलँडने जुलैच्या उत्तरार्धात या माशाच्या मागे लागायलाच बंदी घातली होती, ती याच कारणाने. पकडून सोडण्याचीसुद्धा मुभा नव्हती.

भाड्याच्या बोटींची तक्रार वेगळी आहे. त्यांचे म्हणणे: एकूण हौशी मासेमारीत आमचा वाटा लहान, पण पोट आमचे, रविवारी स्वतःची बोट काढणाऱ्या लाखोंना आणि आम्हाला एकच माप का? २०२४ च्या नव्या नियमांआधी किनाऱ्यावरच्या अशा बोटींना ३१ ऐवजी ३३ इंचांपर्यंत सवलत द्यावी, असा पर्याय ही बंधने ठरवणाऱ्या राज्यांच्या आयोगापुढे होता. आयोगाने तो घेतला नाही. मेरीलँडमध्ये तर तोवर भाड्याच्या बोटीवरच्या माणसाला दोन मासे आणि इतरांना एक, असा भेद होता; तोही गेला. ही तक्रार खोटी नाही. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले तर पुढच्या वर्षी येत नाही, आणि बोटीचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. पण मागितलेली सवलत चुकीच्या जागी बोट ठेवते. भाड्याच्या बोटीची खरी पत तिथे प्रत्येक मासा जाणत्या हाताखालून जातो यात आहे. खाजगी बोटीवर ती खात्री नसते. तांडेलांच्या संघटनांनी दोन इंच जादा मागण्यापेक्षा आपल्या बोटींवर सोडलेले मासे कमी मरतात हे मोजून दाखवले, एकेरी गळ आपणहून सक्तीचे केले, सोडलेल्यांची प्रामाणिक नोंद ठेवली, तर त्यांच्या बाजूने बोलायला माझ्यासारख्याला जागा राहील. आज ती नोंद बहुतेक अंदाजाची आहे, आणि अंदाजावर कोणाला वेगळे माप देता येत नाही.

राहिला सर्वांत अवघड आक्षेप, कारण तो डोळ्यांनी पाहिलेल्यावर उभा आहे. रॅरिटन उपसागरात एप्रिल-मे महिन्यांत मासा नाही असे म्हणायला माणूस आंधळा हवा. तारलीच्या कुळातले मेनहेडन, ज्याला तिथे ‘बंकर’ म्हणतात, त्याचे थवे खाडीत शिरतात आणि त्यांच्याखाली वीस-तीस पौंडांचे स्ट्राइपर पाणी उसळवतात. मग साठा घटला कसा? मोठा मासा दिसतो तो अन्नाभोवती गोळा झालेला असतो, आणि तो मोठा आहे म्हणजेच जुना आहे: २०११, २०१५ अशा भरघोस वर्षांचा. त्याच्या मागे किती येत आहेत, हे बंकरच्या थव्याजवळ उभे राहून कळत नाही. ते चेसापीकच्या किनाऱ्यावर कळते. मेरीलँडचे मत्स्यखाते १९५४ पासून दर उन्हाळ्यात तिथे शंभर फुटी जाळे ओढते. आपल्या रापणीचीच छोटी आवृत्ती, एक टोक काठावर, दुसरे पाण्यातून वळवून आणायचे. बावीस ठरलेल्या जागा, जुलै ते सप्टेंबरमध्ये तीन फेऱ्या, एकूण १३२ ओढी, आणि प्रत्येक ओढीत त्या वर्षी जन्मलेली बोटभर पिल्ले किती आली याची सरासरी. इतक्या वर्षांची सरासरी अकराच्या आसपास आहे. २०१९ मध्ये ती ३.४ होती. २०२० मध्ये २.५, २०२१ मध्ये ३.२, २०२२ मध्ये ३.६. २०२३ मध्ये १.०, म्हणजे एका ओढीला सरासरी एक पिल्लू. २०२४ मध्ये २.०, २०२५ मध्ये ४.०.

ही पिल्ले का येत नाहीत, याला मासेमारी हे एकच कारण नाही. ऊबदार हिवाळे आणि वसंतात नद्यांना न येणारे पाणी यांचा दोष मोठा आहे. थंडी रेंगाळली आणि पाऊस झाला तर चेसापीकमध्ये पिल्ले चांगली जगतात. तांडेल हेच पुढे करून म्हणतात, की हवामानाची शिक्षा आम्हाला का? पण हवामान कोणाच्या हातात नाही. म्हाताऱ्या माद्या मात्र आपल्या हातात आहेत. एखादा चांगला वसंत उजाडला तर नदीत चढायला त्या जिवंत हव्यात, आणि हौशी मासेमारीत त्या मरतात त्या घरी नेल्याने नव्हे, कारण त्या ३१ इंचांच्या वरच्या आहेत. मरतात त्या सोडल्यानंतर.

चेसापीकच्या जाळ्यात शेवटचे बरे वर्ष २०१८ चे होते, १४.८. त्या वर्षीचे मासे आता २८ ते ३१ इंचांच्या झरोक्यातून पुढे सरकत आहेत. ते सरकून गेले की त्यांच्या मागे सलग सात वर्षांची विरळ रांग आहे.