फेणीला वचकून असणारी लाख

पेडण्याच्या जुन्या घरात शिरलात की सागवानी कपाट, देव्हारा, फणसाच्या लाकडाचा पाट यांवर हात फिरवून बघा. मऊसर, उबदार, किंचित मधाच्या रंगाची ती चमक बहुतेक वेळा लाखेची असते. आणि ती लाकडाला देतो एक किडा!

लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहतो. जन्मतो तेव्हा तो जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. मादी एकदा फांदीला चिकटली की आयुष्यात पुन्हा हलत नाही. रस शोषत राहते आणि स्वतःभोवती राळेचं कवच बांधते. ते कवच म्हणजे लाख. किलोभर लाख जमायला लाखो किडे लागतात. भारतात सर्वांत जास्त लाख झारखंडात होते, आणि रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था 1924 पासून आहे.

खरवडलेली लाख धुतात, वाळवतात. मग जुन्या पद्धतीत ती कापडाच्या लांब पिशवीत भरून विस्तवासमोर पिळतात. वितळून बाहेर आलेल्या राळेचा पातळ पापुद्रा करायचा असतो, म्हणून कारागीर तो गरम गोळा दोन्ही हातांनी, पायाच्या बोटांनी आणि चक्क दातांनी धरून ताणतो. थंड झाला की त्याचा चुरा करतात. हाच तो चपडा, जो दुकानात पुडीत मिळतो.

लाकडाला लावायला लिटरभर स्पिरिटमध्ये 120 ते 240 ग्रॅम चपडा रात्रभर भिजत ठेवायचा. पहिले हात पातळ, म्हणजे 120 च्या बाजूचे. कापसाचा बोळा जुन्या सुती कापडात गुंडाळायचा, त्यावर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब टाकायचा आणि गोल गोल फिरवत शेवटी लाकडाच्या रेषेसोबत ओढायचा. एकच नियम पाळायचा: बोळा फळीवर थांबता कामा नये. क्षणभर जरी टेकून राहिला, तरी खालचा थर विरघळून चिकटतो आणि ओरखडा उठतो.

पण याच विरघळण्यात लाखेची खरी ताकद आहे. तेलरंगाचा नवा थर जुन्या थरावर नुसता बसतो. लाखेचा नवा थर जुन्याला किंचित विरघळवतो आणि दोन्ही मिळून एक होतात. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या कपाटावर आज हात मारला तरी जोड दिसत नाही. माझ्या मते एवढ्या एका गुणासाठी लाखेला दुसरा पर्याय नाही.

मात्र पेडणे-डिचोलीत तिचा हंगाम सांभाळावा लागतो. चवथीच्या तोंडावर देव्हारा लखलखीत हवा असतो, आणि नेमका तेव्हा भाद्रपदातला दमट पाऊस असतो. स्पिरिट झपाट्यानं उडतं, फळी थंड होते, हवेतली वाफ ओल्या थरात अडकते आणि चमक दुधाळ, पांढरट होते. सुतार मेस्ताला पावसात घाई करायला लावू नका. पावसाळ्याआधीच, एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी हे काम उरकून घ्या. विरघळवलेलं पॉलिशही वर्षानुवर्षं ठेवायचं नसतं. जुनं झालं की ते वाळत नाही, चिकट राहतं. काचेच्या तुकड्यावर थेंब टाकून बघा, कडक झाला नाही तर टाकून द्या.

आता फेणी. फेणीत चाळीस टक्क्यांहून जास्त मद्यार्क असतो, आणि लाख मद्यार्कातच विरघळते. पेला कलंडला की टेबलावर डाग पडलाच म्हणून समजा. चहाच्या कढत कपाखालीही पांढरं वर्तुळ उठतं, कारण लाख 75-80 अंश सेल्सिअसला वितळू लागते. पण घाबरू नका: पातळ पॉलिशचा बोळा फिरवा, डाग बऱ्याचदा निघून जातो.

लाखेचं आणखी एक रूप बघायचं तर सावंतवाडीला जा; पेडण्यातल्या मोपाहून गाडीनं तासाभराच्या आत. 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत पेडणे सावंतवाडीच्या भोसल्यांकडेच होतं. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं-भाज्या आणि खेळणी महाराष्ट्रभर माहीत आहेत. परंपरागत कातकामात लाख स्पिरिटमध्ये भिजवतच नाहीत. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणानं ती वितळते आणि लाकडावर पसरते. ना ब्रश, ना बोळा! गंजिफा म्हणजे तिथले गोल पत्ते. चिंचोक्याच्या खळीनं ते घट्ट करतात आणि त्यांच्या पाठीवर लाखेचाच लेप असतो. दशावतारी गंजिफात 120 पानं असतात, प्रत्येक अवताराची बारा. रात्र जागून दशावतारी नाटक बघणाऱ्या पेडणेकरांना हा डाव पटकन जमेल. गंजिफाचा हा हुन्नर विझत आला होता, तेव्हा 1970 च्या दशकात राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारखाना उभारून त्याला जगवलं. त्या दोघांचे आभार मानावे तेवढे थोडे.

लाख पोटातही जाते. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर तिचाच मुलामा असतो, ई 904 या नावानं. काही औषधी गोळ्यांवरचा लाखेचा थर जठरातल्या आम्लात टिकतो आणि आतड्यात गेल्यावर विरघळतो. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्याही लाखेच्याच असत. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, अमेरिकेनं तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक बंधन घातलं होतं. फोंडा तालुक्यातल्या केरीत जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज घरोघर पोहोचला, तो अशाच तबकड्यांवरून.

तेव्हा घरातलं जुनं कपाट खरवडून त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारण्याआधी एक करा. मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस घासा. चमक चिकट होऊन कापसाला लागली, तर ती लाख आहे. खरवडू नका. मेस्ताला बोलवा आणि चपड्याचे नवे हात मारून घ्या.