हृद्रोग, ध्वनितरंग आणि वैद्यांची जबाबदारी

ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील चिकित्सालयांत हृद्रोगाची पहिली तक्रार पुष्कळदा रेल्वेच्या पुलाशी निगडित असते. ‘पूल चढताना छाती भरून येते, थांबलो की बरे वाटते,’ असे रुग्ण सांगतो. अँजिओग्राफीचा सल्ला मिळाला की तोच रुग्ण आपणास विचारतो, ‘वैद्यराज, औषधाविना, ध्वनितरंगांनी हृदय सुधारते म्हणतात, ते खरे का?’ या प्रश्नाचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

अद्रव्यभूत चिकित्सा आयुर्वेदास नवी नाही. परंतु परीक्षेवाचून कोणत्याही उपक्रमाचा स्वीकार करणे हेही आयुर्वेदास संमत नाही.

जपानमधील अनुभव

सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात हिरोआकी शिमोकावा यांच्या संशोधकगटाने अल्प तीव्रतेचे स्पंदित अल्ट्रासाउंड छातीवरून हृदयास देण्याची पद्धती विकसित केली. डुकरांवरील प्रयोगांत नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या निर्माण होऊन हृदयाचा रक्तपुरवठा सुधारल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हृच्छूलाच्या ५६ रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. जिभेखाली ठेवावयाच्या नायट्रोग्लिसरिनची गरज उपचार घेतलेल्या गटात घटली खरी; पण ज्यांच्यावर यंत्राचा केवळ देखावा केला, त्यांच्यातही ती जवळजवळ तितकीच घटली! रुग्णास बरे वाटणे हा एकटाच पुरावा पुरेसा नाही, हा बोध प्रत्येक चिकित्सकाने यातून घ्यावा.

फिजिओथेरपी केंद्रांतील अल्ट्रासाउंड यंत्र सांधे व स्नायूंसाठी असते. ते हृदयप्रदेशावर किंवा पेसमेकरवर कदापि फिरवू नये.

ईईसीपीची मर्यादा

पोटऱ्या, मांड्या व नितंब यांवरील पट्टे हृदयाच्या विश्रांतिकाळात फुगवून रक्त हृदयाकडे ढकलणे, हे ईईसीपीचे तत्त्व होय. साधारणतः ३५ तासांचा हा उपक्रम आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३९ रुग्णांच्या अमेरिकेतील चाचणीत हृच्छूलाचे वेग कमी झाले. मात्र एकूण व्यायामक्षमतेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. औषधे व शस्त्रकर्म यांनी न शमणाऱ्या हृच्छूलात यास स्थान आहे. धमन्यांतील अवरोध त्याने विरघळतो, असे सिद्ध झालेले नाही. महाधमनीचा विस्फार, महाधमनीच्या झडपेची तीव्र गळती किंवा पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी असल्यास तो वर्ज्य आहे.

आपले कर्तव्य

हृदय हे त्रिमर्मांपैकी एक व सद्यःप्राणहर मर्म आहे. येथे कालहरणास क्षमा नाही. विश्रांती घेतानाही छातीत दुखणे, दरदरून घाम, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी वेदना दिसल्यास काढा-चूर्णाचा विचार न करता रुग्णास तत्काळ हृद्रोग विभाग असलेल्या रुग्णालयात धाडावे. स्टेंट बसविलेल्या रुग्णाची ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही औषधे परस्पर बंद करू नयेत. रुग्ण गोळ्या नेण्यास येईनासा झाला, तर औषधविक्रेत्या बंधूंनीही त्याची विचारपूस करावी.

ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, १९५४ याच्या परिशिष्टात हृद्रोगाचा समावेश आहे. तो बरा करण्याचा दावा करणारे औषधाचे फलक दुकानात लावणे हा अपराध ठरतो, हे ध्यानी असावे.

आहार, विहार, व्यायाम, निद्रा, मनःस्वास्थ्य व तंबाखूत्याग यांबाबत रुग्णाचा हात धरून त्यास चालविणे, ही आपली खरी अद्रव्यभूत चिकित्सा होय. ती चालू औषधोपचारासोबत करावी, त्याच्या जागी नव्हे.