खडा टोचला कसा नाही?

ज्येष्ठ लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, यंदा वारीला जाऊ का?" विचारणारा मधुमेही असेल तर माझे उत्तर ठरलेले असे. "जाऊ नका." पायाला जखम झाली, ती चिघळली, बोट कापावे लागले, अशी एक-दोन उदाहरणे सांगितली की काम भागते. रुग्ण मान हलवून जातो आणि पुढचा रुग्ण आत येतो.

आमच्या भागातील एक मावशी सलग चार वर्षे हा प्रश्न विचारीत आल्या आणि चारही वर्षे माझे उत्तर ऐकून परत गेल्या. त्यापूर्वी त्यांनी बावीस वाऱ्या केल्या होत्या. पालखी आमच्या गावावरून जाते. त्या दिवशी मावशी रस्त्याच्या कडेला उभ्या राहत. कोणी विचारले तर म्हणत, "डाक्तर नगं म्हनले." हे माझ्या कानावर येई आणि खरे सांगायचे तर मला बरेच वाटे. रुग्ण सांगितलेले ऐकतो, याहून डॉक्टरला अधिक काय हवे?

या समाधानाला तडा गेला तो गेल्या सप्टेंबरात, आणि तोही आपल्या वाटेवर नव्हे, स्पेनमध्ये.

उत्तर स्पेनमधून पश्चिमेकडे जाणारी एक जुनी ख्रिस्ती यात्रेची वाट आहे. तिला कामिनो दे सांतियागो म्हणतात. येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोब याची कबर सांतियागो दे कोंपोस्तेला या शहरातील मोठ्या चर्चमध्ये आहे, अशी श्रद्धा आहे. नवव्या शतकाच्या आरंभी ही कबर सापडली असे सांगतात आणि तेव्हापासून लोक तिकडे पायी जात आहेत. सर्वांत प्रसिद्ध वाट फ्रान्सच्या सरहद्दीवरून निघते व पुरी केली तर ७८० किलोमीटरच्या आसपास भरते. मधली काही शतके ती ओस पडत चालली होती. १९८० नंतरच्या वर्षांत एलियास वालिन्या नावाच्या एका खेड्यातील पाद्रीबुवांनी रस्त्याच्या खुणांसाठी वापरतात तो पिवळा रंग घेऊन झाडांवर, भिंतींवर, दगडांवर बाण काढले. ते बाण पाहत आज जगभरचे लोक चालतात. २०२३ साली यात्रा पुरी केल्याचे प्रमाणपत्र घेणारेच ४ लाख ४० हजारांहून अधिक होते.

माझी मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत असते. तिने रजा काढली व म्हणाली, "बाबा, रुग्णांना रोज चाला म्हणून सांगता, आता माझ्याबरोबर चाला." बेत असा होता, की लोग्रोन्यो या गावापासून लेओन शहरापर्यंत सुमारे ३०० किलोमीटर चालायचे आणि तेथून रेल्वेने सांतियागोला जायचे. मी देवभोळा नाही. देवळात जातो तो बायकोबरोबर आणि चपला सांभाळतो. याकोबाच्या अस्थींची हकीकत तर माझ्या बुद्धीला मुळीच पटत नाही. १५८९ साली इंग्रजांच्या हल्ल्याच्या भीतीने त्या लपवल्या, पुढे जागाच विसरली गेली, १८७९ साली खोदकामात हाडे सापडली आणि १८८४ साली पोपने ती खरी असल्याचे जाहीर केले. एवढ्या पुराव्यावर मी टायफॉइडचे निदानसुद्धा करणार नाही!

मला स्वतःला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. निघण्यापूर्वी सर्व तपासण्या केल्या. हृदयाचा आलेख काढला, मूत्रपिंड पाहिले, डोळ्यांचा पडदा तपासून घेतला. बूट दोन महिने आधी संध्याकाळी जाऊन घेतले, कारण दिवसअखेर पाय थोडे फुगलेले असतात. ते घालून रोज पाच किलोमीटर चाललो. एवढी तयारी पाहून आपण म्हणाल, डॉक्टर शहाणा आहे. जरा थांबा.

रोज वीस-पंचवीस किलोमीटर चाल पडे. मुक्काम यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, एका खोलीत दहा-वीस खाटा, रात्रभर घोरण्याची जुगलबंदी. सकाळची साखर तिसऱ्या दिवसापासून उतरू लागली. चालताना स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतात आणि हा परिणाम थांबल्यावरही काही तास, कधी दिवसभर टिकतो. मी गोळीचा डोस आधीच निम्मा केला होता, तरी पाचव्या दिवशी बुर्गोस शहरात शिरताना हातपाय थरथरले, घाम फुटला. खिशात ग्लुकोजची पुडी होती म्हणून निभावले. सहप्रवाशांपैकी एक जण साखर उतरल्याचे श्रेय संताला देत होते. मी ते मांडीच्या स्नायूंना दिले. (घरी परतल्यावर तीन आठवड्यांत आकडे होते तिथे आले. संत बदलला नव्हता, चालणे थांबले होते.)

वाटेत चमत्कारांना तोटा नाही. सांतो दोमिंगो दे ला काल्सादा येथील चर्चमध्ये आत, भिंतीतल्या पिंजऱ्यात, जिवंत कोंबडा व कोंबडी ठेवलेली आहेत. फाशी दिलेला निरपराध मुलगा जिवंत राहिला, न्यायाधीश म्हणाला की तो माझ्या ताटातल्या भाजलेल्या कोंबडीइतकाच जिवंत असणार, आणि ताटातली कोंबडी उठून ओरडू लागली, अशी ती कथा. मी हसून पुढे गेलो.

मात्र नवव्या दिवशी सकाळी एका ठिकाणी हसू आले नाही. बुर्गोसच्या पुढे उघडी माळराने लागतात. सप्टेंबरात गहू कापून झालेला, मैलोगणती नुसते धसकट. तेथे सान अंतोनच्या मठाचे अवशेष आहेत. बाराव्या शतकात स्थापन झालेला हा मठ. छप्पर गेले आहे, उंच कमानी उभ्या आहेत आणि यात्रेची वाट एका कमानीखालूनच जाते. येथील साधू एका विशिष्ट रोगाच्या यात्रेकरूंची शुश्रूषा करीत. त्या रोगाला संत अँथनीचा अग्नी म्हणत. हातापायांत जाळ पेटल्यासारखी आग होई, मग बोटे बधिर होत, काळी पडत आणि झडून जात.

हा रोग कशाचा, ते आज आपल्याला माहीत आहे. युरोपच्या थंड मुलखात गरीब लोक राय नावाच्या धान्याची भाकरी खात. ओल्या वर्षी त्या कणसांवर अरगट ही बुरशी येई. तिच्यातील विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जात, रक्त पोहोचले नाही की अवयव मरे. १६७६ साली दोदार या फ्रेंच वैद्याने या रोगाचा संबंध अशा कणसांशी जोडून दाखवला. मठातले साधू आजाऱ्यांना जखमेवर मलम आणि खायला भाकरी देत. घरची राय सुटली, पोटात चांगले अन्न जाऊ लागले, विष उतरले आणि ज्यांचे अवयव अजून मेले नव्हते ते बरे झाले, असा या चमत्काराचा उलगडा सांगितला जातो. मला तो पटतो. साधूंना बुरशी ठाऊक नव्हती. पण रोग्याला बसवून त्याचे पाय रोज उघडून पाहणारे कोणी तरी तेथे होते.

(अरगट आपल्याकडेही आहे, बाजरीवर. फुलोऱ्यात पाऊस लागला की कणसातून मधासारखा चिकट द्रव गळतो व पुढे काळपट गाठी होतात. असे धान्य पोटात गेले तर उलट्या, चक्कर, गुंगी येते. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी बुडवावे, वर तरंगेल ते काढून टाकावे, तळाचे साध्या पाण्याने धुऊन, वाळवून पेरावे. तरंगलेले कोंबड्यांनाही घालू नये. आणि रायवरच्या अरगटापासून निघालेल्या औषधाने बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवून आम्ही डॉक्टरांनी कितीतरी जीव वाचवले आहेत. विष आणि औषध एकाच कणसात.)

हा सगळा विचार करीत, स्वतःवर खूश होत, मी त्या दिवशी आणखी बारा-तेरा किलोमीटर चाललो. एक दमछाक करणारी टेकडी चढलो, उतरलो. दुपारी पिसुएर्गा नदीच्या पुलाजवळ सान निकोलासला पोहोचलो. हे तेराव्या शतकातले लहानसे दगडी चर्च आहे आणि आता त्याचीच धर्मशाळा केली आहे. इटलीहून आलेले सेवेकरी ती चालवतात. वीज नाही. रात्रीचे जेवण मेणबत्तीच्या उजेडात. जेवणापूर्वी ते सर्व यात्रेकरूंना अर्धवर्तुळात बसवतात आणि प्रत्येकाचा एक पाय धुतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण.

मला संकोच वाटला. पाय शिवून घेणे आपल्याला सोसत नाही, त्यात मी श्रद्धाळूही नाही. उठून जावे असे वाटले, पण लेकीने डोळे वटारले. माझ्याच वयाचा एक पांढऱ्या केसांचा सेवेकरी समोर गुडघ्यांवर बसला. मी मोजा काढू लागलो तर तो तळव्याला चिकटला होता. सुटला तेव्हा चवड्याखाली रुपयाएवढा फुटलेला फोड होता आणि मोजा रक्ताने ओला. त्याने माझ्याकडे पाहून मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले, "दुखत नाही?"

मी म्हणालो, "नाही."

आणि म्हणताक्षणी अंगावर काटा आला. हे "नाही" मी तीस वर्षे रुग्णांच्या तोंडून ऐकत आलो आहे. त्याचा अर्थ मला पाठ आहे.

त्याने फोडाला धक्का न लावता पायावर पाणी ओतले, स्वच्छ कापडाने टिपले आणि रीतीप्रमाणे पायावर ओठ टेकवले. मी मान खाली घातली. नंतर बूट झटकला, तर त्यातून हरभऱ्याएवढा खडा पडला. सकाळपासून तो आत असणार. निरोगी पायाला तो दहा पावलांत टोचला असता.

मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंची संवेदना हळूहळू जाते. दुखणे हा शरीराचा पहारेकरी. तो झोपला की चोर घरात शिरतो. तपासणी अगदी सोपी आहे. ठरावीक जाडीचा नायलॉनचा धागा तळव्यावर ठिकठिकाणी तो वाकेपर्यंत टेकवायचा, रुग्णाने डोळे मिटून "कळले" म्हणायचे. असा धागा माझ्या टेबलाच्या खणात आहे. हृदय, मूत्रपिंड, डोळे सगळे तपासले. माझ्या तळव्यांना तो धागा अकरा वर्षांत मी एकदाही लावला नव्हता.

तेथेच माझी पदयात्रा संपली. सुमारे १७० किलोमीटर झाले होते. एक सहयात्री कळवळून म्हणाले, संताच्या वाटेवरची जखम संतच बरी करतो, चालत राहा. मी म्हणालो, संताला मधुमेह नव्हता. दुसऱ्या दिवशी लेक एकटी पुढे गेली आणि मी मोटारीने फ्रोमिस्ता, तेथून रेल्वेने लेओन. तेथे नऊ दिवस पाय वर करून बसलो. रोज ड्रेसिंग केले, रोज आरशात तळवा पाहिला. जखम भरली. पुढे सांतियागोलाही गेलो, पण रेल्वेने. पायी यात्रेकरूला शेवटचे किमान १०० किलोमीटर चालल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, ते अर्थातच मिळाले नाही. वेदीमागच्या जिन्याने चढून याकोबाच्या पुतळ्याला पाठीमागून मिठी मारण्याची रीत आहे. लेकीने मारली. मी खाली उभा राहून लोकांच्या पायांकडे पाहत होतो. कोणी लंगडत होते, कोणाच्या टाचेला पट्टी होती. त्यांना दुखत होते, हे पाहून हेवा वाटला.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या मावशींना निरोप धाडला. त्या घाबरून आल्या. स्टुलावर पाय ठेवायला सांगितले तर ठेवीनात. "डाक्तर, तुमच्या म्होरं पाय कसं करू?" शेवटी ठेवले. डोळे मिटायला सांगून धागा लावला. अंगठा, चवडा, टाच. दोन्ही पाय, प्रत्येक जागा. "कळलं." "कळलं." "हितं बी कळलं." दोन्ही पायांच्या नाड्या ठणठणीत. टाचांना भेगा होत्या, त्या भरून येण्यासारख्या. जे पाय मी चार वर्षे घरी बसवले, ते माझ्या पायांपेक्षा चांगले होते. आणि चार वर्षांत मी ते एकदाही पाहिले नव्हते.

मी त्यांना तसे सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मंग आधी का न्हाई बगितलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी कागद घेऊन लिहू लागलो. अनवाणी चालायचे नाही, डांबरावर तर नाहीच. बंद, रुळलेले बूट व सुती मोजे, रोज धुतलेले. बूट घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवायचा. पाणी गरम आहे का ते पायाने नव्हे, कोपराने पाहायचे. घट्टे ब्लेडने कापायचे नाहीत. वारीच्या दिवसांत गोळी किती घ्यायची ते निघण्यापूर्वी दवाखान्यात येऊन ठरवायचे, मनाने बंद करायची नाही. खिशात साखर ठेवायची. फोड आला, रंग बदलला, तर त्याच क्षणी चालणे थांबवून वाहनात बसायचे. आणि रोज रात्री मुक्कामी दिंडीतल्या कोणाला तरी दिवा धरून दोन्ही तळवे दाखवायचे.

मावशींनी कागद सुनेकडून वाचून घेतला. शेवटच्या कलमापाशी अडल्या. तळवे दुसऱ्याला दाखवायचे, याची त्यांना लाज वाटत होती. मी माझी हकीकत सांगितली, त्या इटालियन माणसाची. त्यांनी लक्ष देऊन ऐकली.

"आन् तुमचं पाय आता कोन बगतं?" त्यांनी विचारले.

"बायको," मी म्हणालो. "रोज रात्री."