हात पाठीमागे

ऑक्टोबर सरत आलाय. पुण्यातल्या या कार्यशाळेच्या दारातच वाळा, नागरमोथा, आंबेहळद यांचा वास अंगावर येतो. दिवाळीच्या उटण्याची मागणी आहे. लांब टेबलाभोवती बसलेली मंडळी सगळी अठरा ओलांडलेली; कुणाला डाउन सिंड्रोम, कुणी स्वमग्न, कुणाला बौद्धिक अक्षमता.

निळ्या सदऱ्यातला तरुण चमच्याने पिशवीत उटणं भरतो आणि पिशवी काट्यावर ठेवतो. काट्याशेजारच्या पुठ्ठ्यावर ठळक 50 लिहिलेलं आहे. त्याला हिशेब येत नाही, पण काट्यावरचा आकडा पुठ्ठ्यावरच्या आकड्यासारखा दिसला पाहिजे, हे पक्कं ठाऊक आहे. 46 दिसतं. तो चमचाभर टाकतो. 53. आता तो मान वळवून शिकवणाऱ्या ताईंकडे बघतो. ताई त्याच्या खुर्चीमागे उभ्या आहेत, दोन्ही हात पाठीमागे घेऊन. त्या बोलत नाहीत. तो वाट बघतो, मग पिशवी तशीच पुढे ढकलतो.

पुढची मुलगी तपासणीला आहे. ती पिशवी पुन्हा काट्यावर ठेवते.

"जास्त आहे. परत घे."

"झालंय माझं!" तो टेबलावर हात आपटतो.

"नाही झालं."

आता तरी ताई मध्ये पडतील असं वाटतं. पडत नाहीत. पंख्याचा आवाज तेवढा येत राहतो. मग तो पिशवी ओढून घेतो, थोडं उटणं काढतो, पुन्हा काढतो. 50. पिशवी सरकवताना त्याच्या तोंडावर राग आहे आणि ताठाही. मुलगी मुकाट्याने ती सीलिंगच्या यंत्राकडे देते.

"शाळेत आम्हीच पन्नास करून दिलं असतं," ताई हळूच सांगतात. "हात पुढे करायला काय लागतं? मागे ठेवायलाच आम्हाला शिकावं लागलं."

भिंतीवर याच कामाच्या पायऱ्या चित्रांत लावल्या आहेत. नवीन आलेल्याला त्या उलट्या क्रमाने शिकवतात. आधी फक्त सील केलेली पिशवी खोक्यात ठेवायची. ते जमलं की त्याआधीचं लेबल. म्हणजे काम पुरं केल्याचं समाधान पहिल्या दिवसापासून त्याचं.

दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत. पुढे काय? सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के राखीव जागांपैकी 1 टक्का आहे तो बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून. टेबलाभोवतीच्या या चेहऱ्यांकडे बघताना मला ही तरतूद फार तोकडी वाटते. अशी कार्यशाळा जवळपास नसेल, तर अठराव्या वाढदिवसानंतर उरतो तो घरातला टीव्ही.

चहाची वेळ होते. आज दूध आणायची पाळी निळ्या सदऱ्याची. ताई लांबून, रस्त्याच्या अलीकडूनच बघतात. मीही त्यांच्याजवळ थांबते. दुकानदार "अठ्ठावीस" म्हणतो. वीस ऐकलं की दहाच्या दोन नोटा आणि वर एक जास्त, एवढी युक्ती त्याला शिकवलेली आहे. तो तीन नोटा देतो, आणि हात तसाच पसरून उभा राहतो. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलाय. हात खाली येत नाही. "सुट्टे," तो म्हणतो. मग मोठ्याने, "काका, सुट्टे!" दोन रुपये मिळाल्याशिवाय तो हलत नाही. माझ्या लेखी आजचा सगळ्यात मोठा धडा हा आहे. उटणं दिवाळीपुरतं, आपलं हक्काचं मागता येणं जन्मभर लागणार आहे.

दुपारी त्याची आई न्यायला येते. तिच्या पिशवीत कागदांची फाइल आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान होतं. आईवडिलांना त्याचे पालक म्हणून सही करायची, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. "आमच्यानंतर काय" हा प्रश्न त्या फाइलवर कुठेच लिहिलेला नाही, पण तिने तो ताईंना आल्याआल्या विचारलाय.

ताई उत्तर देतात ते बसचं. सोमवारपासून तो बसने घरी जाईल. आधी त्या शेजारी बसतील, मग चार आसनं मागे, मग स्कूटरवरून बसच्या पाठोपाठ, आणि मग नाही. बसचा क्रमांक लिहिलेलं कार्ड खिशात.

"रस्ता ओलांडताना?" आई विचारते. "तो गाडीकडे बघतच नाही हो."

"पाळी असली की दूध आणायला रस्ता ओलांडतोच तो. पुढच्या पाळीला या, लांबून बघा."

आई बराच वेळ फाइल चाळत राहते. "बरं," ती म्हणते, "पण सोमवारी मी थांब्यावर झाडामागे उभी राहीन. त्याला सांगू नका."

तो चपला घालतोय. "मला ऐकू आलं," तो म्हणतो. "आई, तू घरी थांब. चहा मी करतो."