पाटील, पण कोणत्या घरचे?

नवी मुंबईतील सानपाड्याच्या जुन्या गावठाणातून निघून, 1970 साली सिडको स्थापन झाल्यानंतर खाजणांवर आणि भातशेतांवर उभ्या राहिलेल्या इमारतींकडे चालू लागावे, तर ‘पाटील’ हे आडनाव दारोदारच्या पाट्यांवर दिसत राहते. परंतु गावठाणातील पाटील पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी भात आणि मीठ पिकविलेल्या आगरी घराण्यातले, तर इमारतीतील पाटील बहुधा उदरनिर्वाहासाठी घाट उतरून आलेले, आणि केवळ आडनावावरून त्या दोघांत रक्ताचा संबंध जोडणे सर्वथा चुकीचे ठरेल.

पाटील हे मुळात कुळाचे नव्हे, हुद्द्याचे नाव आहे. गावोगाव पाटीलकीचे वतन, म्हणून मूळपुरुषही गावोगाव निराळे. 1962च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद संपले, आडनाव मात्र राहिले. फडणीस-चिटणीस हीही अशीच हुद्द्यांची नावे; त्यांतला ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’चा, म्हणजे लिहिणाराचा, अवशेष होय.

बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाणारे ‘वाय’ गुणसूत्र आडनावाच्याच वाटेने चालते, हे जाणून ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी स्वतःचेच आडनाव लावणाऱ्या इंग्रज पुरुषांची तपासणी केली, आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात सुमारे निम्म्यांचे ‘वाय’ एकसारखे निघाले. अनेक मूळपुरुष असलेल्या पाटलांत तशी एकवाक्यता संभवत नाही. आपल्याकडे वंशाचा शोध घ्यावा लागतो तो दफ्तरांतच: सातबाऱ्यामागचे फेरफार, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, दक्षिण महाराष्ट्रात घरोघर येऊन वंशावळ वाचून दाखविणाऱ्या हेळव्यांची बाडे. यांपैकी जुने कागद बहुतांशी मोडीत आहेत, आणि 2023 साली नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणारे किती थोडे उरले आहेत याची जाणीव सर्वांनाच झाली.

तथापि ही सारी साधने मिळूनही एक मोठे दालन अंधारातच राहते. दहा पिढ्या मागे गेल्यास पूर्वजांची 1024 स्थाने होतात, आणि आडनाव त्यांतील केवळ एकाच पुरुषाचा माग सांगते. आईकडून मुलांना मिळणारा, परंतु पुढे फक्त मुलींमार्फतच वाहणारा तंतुकणिकेतील डीएनए दुसरा माग दाखवितो. त्या मार्गाला मात्र आडनावच नाही, कारण प्रत्येक विवाहात ते बदलत आले. वंशावळी लिहिणारांनी मुलगेच लिहिले. मुलींची नावे आली तर वारसनोंदीत, तीही बरीच उशिरा. माहेरांची ही स्मृती कारकुनाच्या नव्हे, वृद्ध आत्या-मावश्यांच्या ठायी आहे, आणि इतिहासाचे साधन म्हणून तिचे मोल मी कोणत्याही शिक्क्याच्या कागदाहून कमी मानीत नाही.

म्हणून वाचकांस विनंती, की घरात आजी असेल तर तिच्या आईचे आणि आजीचे माहेर कोणत्या गावचे, आडनाव कोणते, हे आजच विचारावे आणि सांगणारीच्या नावासह व तारखेसह वहीत उतरून ठेवावे. बहुधा ते अन्य कोठेही लिहिलेले नाही.