कोबोलसाठी युनिट टेस्टिंग : सुरुवात कशी करावी?

बँकेत आम्ही दिवसअखेर डे-बुक टॅली करत असू. पण टॅली झाली म्हणजे प्रत्येक खात्याला व्याज बरोबर लागले, असे होत नाही. त्यासाठी एकेक नोंद तपासावी लागते. प्रोग्रामचा एकेक लहान भाग असा वेगळा तपासणे म्हणजे युनिट टेस्टिंग.

कोबोल भाषेची आखणी १९५९ साली सुरू झाली. आजही अनेक बँका व विमा कंपन्यांचे हिशेब तिच्यावर चालतात. हे काम वाट्याला आलेल्या आपल्या मुला-मुलींसाठी ही माहिती.

१. सरावासाठी घरच्या संगणकावर जीएनयू कोबोल हा कंपायलर, जावा आणि कोबोल चेक घ्यावे. तिन्ही मोफत मिळतात.

२. मूळ प्रोग्राम एका फोल्डरमध्ये आणि चाचण्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. दोन्ही फोल्डर कुठे आहेत ते कोबोल चेकच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहावे.

३. प्रत्येक चाचणीत तीन गोष्टी येतात. 'मूव्ह'ने रक्कम व दर भरायचे, 'परफॉर्म'ने व्याजाचा पॅराग्राफ चालवायचा आणि 'एक्स्पेक्ट'ने अपेक्षित उत्तर सांगायचे.

४. कोबोल चेक मूळ प्रोग्रामची प्रत काढून तिच्यात चाचण्या घालते आणि ती प्रत चालवते. मूळ फाइलला हात लागत नाही.

एक उदाहरण पाहू. १०,००१ रुपयांवर ७ टक्के दराने तिमाहीचे व्याज १७५.०१७५ रुपये होते. कोबोलमध्ये 'राउंडेड' हा शब्द लिहिला तर १७५.०२ येतात. तो राहून गेला तर पुढचे आकडे नुसते कापले जातात आणि १७५.०१ उरतात. फरक एका पैशाचा, पण लाखो खात्यांत तो साठत जातो. शून्य शिल्लक, २९ फेब्रुवारी आणि रकान्यात न मावणारी रक्कम यांच्याही चाचण्या लिहाव्यात. पाच अंकी रकान्यात १,००,००० टाकले, तर डावीकडचा १ गळून शून्य उरते!

मुख्य पथ्य असे, की अपेक्षित उत्तर प्रोग्राममधून उचलू नये, नाहीतर त्याची चूकच नियम होऊन बसेल. ते नियम पाहून हाताने काढावे. इथे आम्हा निवृत्तांचा उपयोग आहे. आम्हाला कोड येत नाही, पण व्याज कसे लावायचे, पैसे कुठे पूर्ण करायचे, हे नियम आम्ही वर्षानुवर्षे वापरले आहेत. ते आमच्याबरोबर विसरले जाण्याआधी चाचण्यांत उतरवून घ्या. घरातल्या काका-आजोबांना जरूर विचारा.